जिथे वाल करपायचा

पौष लागला की आमच्या रोह्यात अष्टमी गावाच्या पुलाजवळ शेंगावाल्या बायका टोपल्या मांडून बसतात, आणि मग माझा पाय घरात ठरत नाही. गावठी वालाची आखूड, फुगीर शेंग हातात घ्यायची, नखाने तिची शिवण उसवायची, हिरवा दाणा तसाच तोंडात टाकायचा आणि तो कडवट लागला की खूश व्हायचं, हा माझा जुना नाद. घरातले आता सवयीने एकमेकांकडे बघतात. नवरा म्हणतो, चला, आली हिची भिंत. येऊ दे की. ज्या बाईने आयुष्यात एक भिंत शोधून काढली आहे, तिने ती वर्षातून एकदा सांगितली तर कुणाचं काय बिघडतं? लोक तर लग्नात आलेला मिक्सरसुद्धा वीस वर्षं सांगतात.

आणि माझी भिंत काही साधीसुधी नव्हे. सातवाहनांच्या काळातली असावी, असं जाणकार नंतर म्हणाले. गुडघाभर मातीखाली ती गपगुमान पडून होती. वर भात पिकत होतं, वाल पिकत होता, गुरं चरत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. मी तिला आधी आकाशातून पाहिलं आणि मग जमिनीत. गावाचं नाव सांगणार नाही, कारण सांगितलं तर येत्या रविवारी तुमच्यातले चार जण फावडी घेऊन तिथे हजर होतील. नागोठण्याकडून अंबा नदी खाली येता येता खाडी होते, त्या खारपट्ट्याच्या वरच्या काठाला, पेण तालुक्यात कुठेतरी, एवढं पुरे.

हल्ली माझी भाची फोनवर दोन बोटं फाकवते आणि रोह्याच्या आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा तिला दिसते. नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा हे असलं काही नव्हतं. उपग्रहाचं चित्र मागवायला अर्ज करायचा, परवानग्या काढायच्या आणि मग महिनोन्‌महिने पोस्टमनकडे आशेने बघायचं. एक दिवस पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून ते यायचं. मी ते पहिल्यांदा टेबलावर पसरलं तेव्हा रंग बघून मला वाटलं, छपाई चुकली. सगळा खारपट्टा निळा-काळा आणि शेतं लालभडक. मग सरांनी समजावलं की आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश झाडं भरपूर परतवतात, उपग्रह तो टिपतो आणि छापताना त्याला लाल रंग देतात. म्हणजे जितकं पीक जोमदार तितकं लाल. त्या दिवसापासून मला हिरवं शेत बघून मनात लाल दिसायला लागलं.

सर पुण्याचे. जुन्या बंदरांचे अभ्यासक, स्वभावाने सरळ आणि जिभेने तिखट. लांबूनच जमिनीची नाडी बघायची आणि खाडीकाठी गाडली गेलेली बंदरं शोधायची, हा त्यांचा प्रकल्प होता. मी रोह्याची, भूगोलात नुकतीच एम.ए. झालेली, त्यांची मदतनीस. खाडीचं जुनं पात्र त्या चित्रात सरांना आधीच सापडलं होतं, आता कोरड्या पडलेल्या वळणावळणाच्या एका काळपट पट्ट्यासारखं. मला मात्र भिंगातून बघताना त्या पात्राच्या काठाला आणखी एक गोष्ट दिसली. लाल शेतांमधून गेलेली एक फिकट, केसाएवढी, सरळ रेष. सर म्हणाले, बांध असेल. पेणच्या खारपट्ट्यात सरळ रेषांना काय तोटा? मी म्हटलं, बांध असता तर नकाशात असता. सर म्हणाले, मग तुझ्या भिंगावरचा केस असेल.

राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. पण नुसत्या रागाने काय होणार? चित्रातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. ती रेष दहा शेतांपैकी कुठूनही जात असेल. सरांनी एक मोसम दिला, त्यांचाही तो शेवटचाच होता. चाचणीपुरते दोन छोटे खड्डे घ्यायची परवानगी कागदावर होती, फक्त दोन. शिमग्यापर्यंत काही हाती लागलं नाही तर यंत्रं परत जाणार आणि प्रकल्प बंद. इकडे आमचे बाबा धाटावला कंपनीत, पाळीवर जाणारे. त्यांनी ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, शिमग्यानंतर माझं ऐकायचं. मला त्या ऑफिसातली खुर्ची नको होती. मला ती रेष खरी व्हायला हवी होती, बस्स.

पेणला मी एका गणपतीच्या कारखान्यावरच्या खोलीत राहायचे. खाली पौषातच मूर्तींच्या रांगा लागलेल्या, पांढऱ्याशुभ्र, अजून डोळे न उघडलेल्या. सकाळी जिना उतरताना पायाला भुकटी लागायची आणि शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या पापडांचा हिंगाचा वास यायचा. तसेच पांढरे पाय घेऊन मी एसटीत चढायचे. शेतावर पोचलं की पहिलं काम म्हणजे अंगावरचं लोखंड काढणं. आमचं चुंबकमापक यंत्र, एका काठीच्या टोकाला बाटलीएवढं, इतकं नाजूक की ओढणीची सेफ्टी पिनसुद्धा त्याला खपत नसे. पिना, किल्ल्या, केसातले आकडे सगळं एका डब्यात जायचं. मग दर पाच मीटरला उभं राहायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा.

टेप धरायला दाऊदभाई होते, त्याच पट्ट्यातल्या एका मुसलमान मोहल्ल्यातले. कुवेतला तेलाच्या सर्वेक्षणात त्यांनी सात वर्षं वाळूत केबली ओढल्या होत्या आणि लढाई झाली तेव्हा हातातल्या घड्याळानिशी परत आले होते. त्यांना मोजणीचं यंत्र समजत नव्हतं, पण सरळ चालणं समजत होतं. मी बांध चुकवायला जरा वाकडी गेले की ते मागून शांतपणे हाक मारायचे, बाई, लाइन सोडली. आजही बँकेच्या रांगेत कुणी घुसलं की मला दाऊदभाई आठवतात.

महिनाभर काही म्हणजे काही मिळालं नाही. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतःच अर्धा चुंबक, त्याचे तुकडे मातीत सगळीकडे. त्यामुळे आकडे जत्रेतल्यासारखे नाचायचे आणि त्यातून काही निवडता यायचं नाही. दुसरं एक यंत्र होतं, जमिनीत चार सळया रोवून वीज सोडायचं. विजेला ओली माती वाट देते, दगड अडवतो, हे त्याचं साधं गणित. पण खारपट्ट्यात खारं पाणी, तिथे वीज सगळीकडून सारखीच पळते. दोनदा आपटी खाल्ल्यावर ती पेटी मी खोलीवर खाटेखाली सरकवून दिली होती. उन्हं उतरताना वाऱ्यावर मिठाचा वास यायचा, लांब मिठागरात पांढऱ्या राशी चमकायच्या, आणि मी मांडीवर वही घेऊन बांधावर बसलेली असायचे. तेव्हाचा तो हताशपणा आता आठवताना गोड वाटतो. तेव्हा अजिबात वाटत नव्हता.

आणि मग हिराबायच्या शेतात आकडा उसळला. एकदम, वहीतल्या सगळ्या आकड्यांच्या डोक्यावरून. मी तीन वेळा मोजलं. दाऊदभाईंना लांब उभं केलं, त्यांचा पट्टा काढायला लावला, पुन्हा मोजलं. तोच आकडा. माती भाजली की ती आपल्यात चुंबकपण धरून ठेवते, हे मी पुस्तकात वाचलेलं. म्हणजे खाली भट्टी! विटांची असेल, भांड्यांची असेल, बंदराशेजारी भट्टी असणारच! मी पेणला जाऊन एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला आणि बूथवाल्याने मान वर करून बघावं इतक्या मोठ्याने सांगितलं की भट्टी सापडली.

सर दुसऱ्याच दिवशी आले. शेताची मालकीण हिराबाय लेकीकडे गेलेली होती, तिच्या दिराने होकार दिला आणि आम्ही पहिला खड्डा घेतला. वीतभर खाली राख. त्याखाली आणखी राख, भाजून लाल झालेली माती, कोळसा आणि खापरं. ढीगभर खापरं, सगळी धुराने काळवंडलेली! सर गुडघ्यावर बसून ब्रशने एकेक साफ करत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांच्या चिमटीत एक पांढरी टिकली आली. त्यांनी ती उन्हात धरली. अंड्याचं टरफल होतं. त्याच्या मागोमाग जळकी वालाची शेंग आली. तेवढ्यात लेकीकडून परतलेली हिराबाय डोक्यावरचं गाठोडं न उतरवताच खड्ड्याशी येऊन उभी राहिली.

"ही आमची पोपटीची जागा हाय गो," ती म्हणाली. "आजेसासऱ्यापासून हितंच लावताव आमी."

बाहेरच्यांसाठी सांगते. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ भरायचं, वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. रायगडात पौष-माघात हे होत नाही असं गाव नाही. मी रोह्याची. जन्मल्यापासून पोपटी खाल्लेली. आणि माझ्या नाकाला ती राख ओळखता आली नाही. चार पिढ्यांच्या जेवणाला मी प्राचीन भट्टी म्हणून पुण्याला फोन केला होता. दाऊदभाई पाठ फिरवून टेप गुंडाळत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. सर हसले नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी फक्त सांगितलं की उद्या दुपारच्या गाडीने निघू, यंत्रं बांधून ठेव. एक खड्डा हातभरही खोल न जाता अंड्याच्या टरफलात गेला होता आणि दुसरा घ्यायला जागाच नव्हती.

आता वाटतं, महिनाभर आम्ही त्या शिवारात फिरलो आणि तिथे राबणाऱ्या एकाही बाईला काही विचारलं नाही. हिराबाय घरी असती तर पहिल्याच दिवशी हसली असती. शिकलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते, दुसरं काय. पण तिला आमची दया आली. संध्याकाळी तिने आम्हाला पोपटीला बोलावलं, म्हणाली, खड्डा खणलाच हाय तर बाजूला लावू. मी रडवेली होते, तरी गेले. भुकेला मान-अपमान नसतो.

दिवस मावळतीला होता. हिराबाय मडकं भरत होती, तिची म्हातारी सासू काठी टेकून बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती, पाला कमी पडला, मीठ जास्त पडलं. जाळ पेटला. थोड्या वेळाने सासूने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायला लावले, चुर्र आवाज आला, झाली म्हणाली. पाला बाजूला सारल्यावर जो वास सुटला, तो आजही नाकात आहे. शेंगा सोलता सोलता, केवळ बोलायचं म्हणून, मी हिराबायला विचारलं की मावशी, घर तिकडे, पेंढा तिकडे, मग पोपटी इथे भर शेतात कशाला?

"हितं वाल जगतच नाय," ती म्हणाली. "भात येतं, वाल करपतो. मग मोकळी जागा म्हणून हितं."

सासू मधेच म्हणाली, पेरणारीला विचार कशामुळं करपतो ते. हिराबाय खाली मान घालून अंडी सोलत राहिली. माझं तिकडे लक्षच नव्हतं. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली होती. पावसात पाणी मुबलक, भाताला चिंता नाही. वाल मात्र कापणीनंतरच्या उरल्यासुरल्या ओलीवर जगतो. खाली दगड असेल तर ओल धरणार कशी? आणि जोमदार पीक लाल, करपलेलं पीक फिकट! मी विचारलं, करपतो तो इथेच, की आणखी कुठे? हिराबायने हात लांब केला. हितून त्या शेवरीपरत, तिकडनं पुढं दिराच्या शेतात.

मी उठले आणि चालत सुटले. संधिप्रकाश होता, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा वाल, आणि मधून चार-पाच पावलं रुंदीचा पिवळा, वाळका पट्टा. महिनाभर मी काठीच्या टोकावरच्या बाटलीकडे बघत त्याला आडवी ओलांडत होते. मागून दाऊदभाई आले. शेवरीच्या झाडाशी उभं राहून त्यांनी एक डोळा मिटून मागे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, ही लाइन कुणीतरी आखलेली आहे."

सरांना पटवायला मला भांडावं लागलं. पण माझ्याकडे एक पक्का मुद्दा होता. वाल खाऱ्या जमिनीत येत नाही. ज्या अर्थी इथे वाल येतो, त्या अर्थी ही जमीन गोडी आहे, आणि गोड्या जमिनीत विजेचं यंत्र चालतं. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, दुपारची गाडी चुकवायची नाही, तोपर्यंत काय करायचं ते कर.

सकाळी खाटेखालची पेटी निघाली. जमीन वरून कडक, सळयांतून वीज खाली उतरेना, म्हणून हिराबाय हंड्यात मीठ कालवून आणायची आणि प्रत्येक सळईच्या मुळाशी पेलाभर ओतायची. पट्ट्याला आडव्या अशा रेघा घेत गेलो. पहिल्या रेघेत आकडे सपाट, सपाट, आणि पट्ट्यावर आल्यावर वर. दुसऱ्या रेघेत तसंच. तिसऱ्यात, चौथ्यात तसंच. सहाव्या रेघेला सर बांधावरून उठून जवळ आले. आठव्या रेघेला त्यांनी वही माझ्याकडून घेतली आणि आकडे स्वतः लिहायला लागले. मग जमिनीवर आलेखाचा कागद पसरून मी सगळ्या रेघा एकाखाली एक काढल्या. एकाखाली एक आठ डोंगर उभे राहिले, एका सरळ ओळीत. मी नळकांड्यातून उपग्रहाचं चित्र काढून शेजारी ठेवलं. तीच दिशा. दुपारची गाडी केव्हाच गेली होती आणि सरांना कुणी त्याची आठवण करून दिली नाही.

मी पुढे काय झाले ते विचाराल तर तिसेक वर्षं भूगोल शिकवला. धाटावच्या त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलं, सुखी असो. बाबांनी माझी ती खुर्ची पुन्हा कधी काढली नाही. उलट पाळी सुटली की दोस्तांना भिंतीची हकीकत माझ्यापेक्षा रंगवून सांगायचे. नंतर मोठी माणसं आली, मोजमापं झाली, आराखडे झाले, आणि रीतीप्रमाणे भिंतीवर पुन्हा माती लोटली गेली. शेत शेतासारखं झालं. परवा भाचीने फोनवर ते शिवार काढलं. मी काही न सांगता तिने विचारलं, आत्या, ही फिकट पट्टी कसली गं? मी इतकी हसले की नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला. लोकांना विजय म्हणजे ढोल-ताशे वाटतात. मला विचाराल तर आकाशातून बघितलेली गोष्ट कुदळीला लागणं, यासारखा दुसरा आनंद मी अजून तरी पाहिलेला नाही, आणि माझी दोन बाळंतपणं झालेली आहेत.

तर त्या दुपारी दुसऱ्या खड्ड्याची जागा सरांनी मला दाखवायला सांगितली. म्हणाले, खड्डा तुझा. कागदावरच्या आठव्या डोंगराचा माथा शेतात जिथे येत होता तिथे मी जाऊन उभी राहिले आणि टाचेने खूण केली. दाऊदभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, हिराबायने हळदीकुंकवाचं बोट मातीला लावलं आणि कुदळ पडली. मऊ माती, मऊ माती. मग ठण्ण. दाऊदभाईंनी कुदळ बाजूला ठेवली आणि हातांनी माती सारायला सुरुवात केली. घडवलेला काळा दगड. त्याला लागून दुसरा. त्यांच्यावर हातभर लांबीच्या, जाडजूड विटा, एकीला एक बिलगून बसवलेल्या. 

जुन्या पात्राच्या बाजूला एक दगड भिंतीतून पुढे आलेला होता. त्याच्या मानेवर गोलाकार, गुळगुळीत खाच. सर आणि मी पुस्तकं आठवत राहिलो. दाऊदभाईंनी त्या खाचेतून अंगठा फिरवला आणि म्हणाले की हे दोराचं काम आहे, आमच्या धक्क्यावर असाच दगड आहे, होडी बांधायचा. म्हणजे आम्ही धक्क्यावर उभे होतो. आज जिथून खाडी दिसतसुद्धा नाही, तिथे गलबतं लागत होती. सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "केस नव्हता." मी म्हटलं, नव्हताच.

इतका वेळ हिराबाय खड्ड्याच्या काठावर उभी होती. आता ती पदर खोचून खाली उतरली. भिंतीच्या माथ्यावर तिने दोन्ही पाय रोवले, टाच आपटून बघितली, मग पट्टा जिकडे जातो तिकडे, शेवरीच्या झाडापर्यंत, नजर लांबवली. मला विचारलं, ही तिथपरत हाय? मी म्हटलं, आहे मावशी, तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे.

"एकवीस वर्सं हितं मूठभर बी जास्ती टाकते मी," ती म्हणाली. "तरी म्हातारी बोलते, सुनेच्या हाताला गुण नाय. तिला हाक मार."

मी हाक मारली. अख्ख्या शिवाराला ऐकू गेली असेल. म्हातारी काठी टेकत, कुरकुरत आली. आता इथे भांडण होणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मी हिराबायच्या बाजूने उभी राहायला तयार होते. म्हातारी काठावर बसली आणि खाली डोकावली. मग तिने काठी माझ्या हातात दिली आणि मला उतरवा म्हणाली. दाऊदभाईंनी एका बाजूने आणि हिराबायने दुसऱ्या बाजूने धरून तिला खाली घेतलं. तिने तळहात त्या विटांवर ठेवला, सुनेचा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला, आणि मान न वळवता म्हणाली,

"माझी सासू मला बी हेच बोलायची. मेली बिचारी, बघायला पायजे होती."